कोंडजाईचं तांबं

मंगळवारी सकाळी दाभोळहून पहिली लाँच गोमण्याच्या धक्क्याला लागली की ती पुरती थांबायच्या आतच माणसं उड्या टाकायची. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात विळी, एका म्हातारीनं तर चुलीजवळची लोखंडी फुकणीच उचलून आणलेली. सगळ्यांची घाई एकच, कोंडावर पुढची जागा धरायची. सत्त्याऐंशी सालचा चैत्र होता. ऊन असं की कातळावर पाय ठेवला तर चटका बसायचा, तरी लोक अनवाणी उभे राहायचे.

गोमण्याला वरच्या कातळी माळावरून, म्हणजे सड्यावरून, एक ओढा उतरतो, त्याला पऱ्या म्हणतात. तो खाडीला मिळायच्या आधी एका खोल कातळी खळग्यात पडतो. तोच कोंड. काठावर शेंदूर लावलेला कोंडजाईचा दगड आहे. कित्येक पिढ्या ती बिचारी गपचूप बसलेली होती. वर्षातून एकदा नारळ मिळाला की तिचं भागायचं. मग मुंबईहून धोंडूबुवा आले आणि तिला कामाला लावलं.

"लोखंड म्हणजे कलियुग!" बुवा ओरडायचे. "तांबं म्हणजे सत्ययुग! आईच्या पोटात कलियुग घालायचं नि सत्ययुग बाहेर काढायचं! बोला, कोंडजाईचा..."

"उदो!" लोक म्हणायचे.

भक्ताचा कोयता बुवा हातात घ्यायचे. चिंच आणि राख लावून खसाखसा घासायचे, याचं नाव 'शुद्धी'. मग कोयता पाण्यात सोडून डोळे मिटायचे. "ओम् ताम्रं फट्, लोहं हट्, पापं कट्!" हे कुठलं संस्कृत ते कोंडजाईलाच ठाऊक. देवीची सगळी नावं म्हणून होईपर्यंत कोयता पाण्यातच. मग एकदम वर! काळंभोर पातं लालसर होऊन उन्हात चमकायचं, अगदी देव्हाऱ्यातल्या पळीसारखं. बायका कानशिलावर बोटं मोडायच्या. पुरुष पुढे येऊन पात्यावर नख घासून बघायचे. खरोखरीचं तांबं. रंग नाही, हळदकुंकू नाही, तांबं.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही तोंड उघडं टाकून उभी राहिले होते.

इथवर असतं तर मी गप्प बसले असते. लोकांचे कोयते लाल झाले, कुणाचं काय गेलं? पण बुवांनी पुढची पायरी गाठली. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आरोग्याला चांगलं, मग जे पाणी स्वतःच तांबं करतं ते किती चांगलं! पाणी तीर्थ झालं. कोंडाच्या तळाचा काळा-हिरवा गाळ प्रसाद झाला. रोज सकाळी उपाशीपोटी सुपारीएवढा गाळ गिळायचा, वर घोटभर पाणी. अंगात रक्त भरतं, सांधे सुटतात, आणि ज्यांचा गर्भ टिकत नाही त्यांचा टिकतो. कोंडात एकही मासा उरला नव्हता. त्याचंही उत्तर तयार होतं, "आईला जीवहत्या खपत नाय. तिनंच मासे हलवले."

मी मालन. गोमण्याच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. माहेर केळशीचं. नवरा होता, तो लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला. मूल नाही. आठ वर्षं या गावात काढली होती, एका खोलीत दवाखाना आणि मागच्या खोलीत मी. गाव वाईट नव्हतं, पण गाव आपलं आपल्यात असतं. पुरुष निम्मे मुंबईत, बायका शेतात, खाडीत नाहीतर दळणाला. माझ्याकडे यायचं ते दुखलं-खुपलं तरच. संध्याकाळी स्टोव्ह पेटवला की त्याच्या आवाजाचीच काय ती सोबत. मला एकटं वाटायचं. त्याला दुसरा शब्द मी शोधत बसत नाही.

या एकटेपणात एक खिडकी होती, राही. यमुनाबाईंची सून. नवरा महिपत मुंबईला, शिमग्याला आणि गणपतीला येणारा. ही पोर हर्ण्याची, बोलकी, हसरी. संध्याकाळी खाडीवरून तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढून परतताना मूठभर माझ्या परातीत टाकायची आणि उंबऱ्यावर बसून अर्धा तास हर्ण्याच्या लिलावातल्या बायकांच्या नकला करायची. मी हसून हसून डोळे पुसायची. तिचे दोन गर्भ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेले होते. दोन्ही वेळा मीच तिच्याजवळ होते. आता तिसरी वेळ, चौथा महिना लागलेला.

एका संध्याकाळी ती आली ती तोंडाला पदर लावूनच.

"ओकाऱ्या थांबतच नाय गो ताई."

"या महिन्यात थांबायला हव्यात. तोंडाला चव कशी आहे?"

"पैसा चघळल्यागत."

मी चमकले. "राही, तू तो गाळ खातेस?"

ती हळूच म्हणाली, "सासू पहाटं उठून, कोंडावर जाऊन, ताजा काढून आनते. माज्यासाठी. न्हाई कसा म्हनू?"

मी तिला तिथल्या तिथं बजावलं, उद्यापासून बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाई माझ्या दारात. बारीक, काटक बाई, आवाज कधी चढवायची नाही.

"बाय, तू नर्स हायस, देव नायस. तुज्या लाल गोळ्या खाऊन दोन गेली. आता देवीला बघूदे."

मी म्हटलं, "काकी, त्या पाण्यात मासा जगत नाही, त्यात पोटातलं पोर कसं जगेल?"

"माशाला नवस नस्तो," यमुनाबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पुढच्या मंगळवारी मी माझा घरचा कोयता घेऊन कोंडावर गेले. म्हटलं, चारचौघांत विचारू. पाणी कुणी तपासलंय? गाळ कुणी तपासलाय? मी तोंड उघडलं तसे बुवा गोड हसले.

"नर्सबाईंची परीक्षा आईच घेईल. आणा कोयता."

त्यांनी माझा कोयता घेतला, घासला, समईची वात सारखी केली, मग पात्यावरून दोन्ही बाजूंनी मायेनं हात फिरवला आणि पाण्यात सोडला. फट्, हट्, कट्. कोयता वर आला. जसा गेला तसाच, काळा.

बुवांनी कोयता माझ्या पायाशी टाकला. "आईनं घेतला नाय. पापाचं लोखंड हाय. किती पोटं हिच्या हातून रिकामी झाली, आईला ठावं!"

गर्दीत राही होती. तिनं मान खाली घातली.

त्या दिवसापासून माझ्या दाराशी कुणी येईना. बाळंतपणाला शेजारच्या गावची सुईण येऊ लागली. लसीच्या दिवशी मी सबंध सकाळ बसून राहिले, एकही पोर आलं नाही. दुकानदार सामान द्यायचा पण डोळ्यांकडे बघायचा नाही. राहीला तर माझ्या आळीतून जायचीच बंदी झाली. ती लांबच्या वाटेनं खाडीवर जायची. खिडकीतून मला तिच्या डोक्यावरची पाटी तेवढी दिसायची. मी दोघींचा चहा टाकायची आणि मग एक कप ओतून टाकायची. बदली मागावी असं रोज वाटायचं. पण बदली मागितली तर त्या पोरीच्या पोटात रोज सकाळी काय जातंय ते बघणारं कोण उरलं असतं?

एके दुपारी नारळ सोलायला मी तोच कोयता त्या दिवसानंतर पहिल्यांदा काढला आणि पातं पाण्याखाली धरलं. पाणी पात्यावर पसरेना. थेंब थेंब होऊन घरंगळून गेलं. मी बोट फिरवलं. बुळबुळीत. तेल! कोंडावर नेण्याआधी मी कोयता राखेनं लख्ख घासला होता. त्यानंतर त्याला हात लावला तो एकाच माणसानं. समईची वात सारखी करून.

मी कोयता चिंच, राख, वर साबण लावून घासला. भर उन्हात, गाव जेवून आडवं झालेलं असताना, कोंडावर गेले. फट् म्हटलं नाही, हट् म्हटलं नाही. नुसता पाण्यात धरून बसले. बाहेर काढला तर पापाचं लोखंड लालेलाल!

मी एकटीच मोठ्यानं हसले. आणि हसता हसता एकदम थांबले, कारण अशी लाल कोयती मी आधी पाहिली होती. शेकडो वेळा पाहिली होती.

केळशीला माझे वडील लोकांच्या सुपारीच्या वाड्यांत औषध मारायला जायचे. पावसाआधी सुपारीवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारलं नाही तर कोळेरोग पडतो आणि सगळी कोवळी सुपारी गळते. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, निळाशार. तो एकटा मारला तर झाड जाळतो, म्हणून त्यात चुना. चुना पुरेसा पडला की नाही हे कसं कळायचं? घासलेली कोयती पिंपात बुडवायची. पातं लाल झालं की समजायचं, मोकळं तांबं अजून शिल्लक आहे, औषध जहाल आहे. वडील ओरडायचे, "मालन, कोयती लाल! चुना टाक!" आणि मी चुन्याची निवळी ओतायची. कोयती काळीच राहू लागली की मग झाडावर चढायचं.

गोमण्यात हे कुणाला ठाऊक नव्हतं? प्रत्येक घरामागं सुपारी होती. प्रत्येक पुरुषानं, प्रत्येक पोरानं दर वर्षी लाल कोयती पाहिलेली होती. पण वाडीत ती लाल झाली की तिला 'औषध जहाल' म्हणायचं आणि कोंडावर लाल झाली की 'उदो' म्हणायचं, एवढाच काय तो फरक. पिंपाजवळची अक्कल माणूस पिंपाजवळच ठेवून येतो आणि देवापुढं रिकाम्या डोक्यानं उभा राहतो. मीही तशीच उभी राहिले होते की!

मग प्रश्न उरला, कोंडात मोरचूद आला कुठून? मी पऱ्याच्या काठानं सडा चढले. वर चार-पाच वर्षांपूर्वी कारखाने आले होते, गावची काही पोरं तिथं कामालाही होती. कुंपणाखालून एक पाइप पऱ्यात तोंड उघडून पडला होता. त्याच्या तोंडाशी दगड हिरवे-निळे झालेले, वासानं नाकात झिणझिण्या. धोंडूबुवांना मोरचूद विकतसुद्धा घ्यावा लागला नव्हता. कारखाना रोज फुकट पाठवत होता.

तालुक्याला आमच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून चष्मा पुसला. "तांबं डोळ्यांना दिसतं म्हणून तुम्हाला कळलं, बाई. असल्या पाइपातून तांबं एकटं येत नाही. शिसं असेल, कॅडमियम असेल, आणखी काय काय. ते कोयतीवर दिसत नाही. आणि शिसं आईच्या रक्तातून पोटातल्या मुलाकडे जातं. त्या मुलीचा गाळ आजच्या आज थांबवा." मी म्हटलं, "तुम्ही चला गावात." ते म्हणाले, "मी येऊन काय करू? तिथं देवी आहे." डॉक्टर मोठे शहाणे! परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. गोमण्यात एवढं ठाऊक असलेली मी एकटी होते, आणि त्या एकटेपणाचं ओझं आधीच्या एकटेपणाहून फार जड होतं.

दुसऱ्याच दिवशी यमुनाबाईंच्या दारी गेले, पण त्यांनी मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. वैशाखाच्या शेवटी औषध मारायचे दिवस आले. गावात सगळ्यांत मोठी सुपारीची वाडी सखाराम गावकरांची. त्यांचा शब्द गावात चालायचा आणि बुवांचा मांडवही त्यांनीच घालून दिला होता. मंगळवार होता. गर्दी नेहमीसारखी. पुढच्या रांगेत यमुनाबाई आणि शेजारी राही, पाचवा महिना संपत आलेला, चेहरा पिठासारखा. तिच्या तळहातावर प्रसादाचा गोळा होता. बुवा मंत्र म्हणणार आणि मग सगळ्या गर्भारणी एकदम गिळणार, असा नवा थाट.

मी बादली, चुन्याची पिशवी आणि दोन घासलेल्या कोयत्या घेऊन पुढे गेले. लोक कुजबुजले, पण वाट दिली. पापाच्या बाईला अंग लागू नये म्हणून दिली असेल, तरी दिली.

"सखारामकाका," मी बुवांकडे न बघता म्हटलं, "तुमच्या वाडीत औषध मारायला घेतलं का?"

"घेतलाय की. कालपास्ना."

"कोयती लाल झाली तर काय करता?"

"काय म्हंजे? चुना घालतंव." गावकरांना हा प्रश्नच येडपट वाटला. "तसाच मारला तर झाड जळंल ना!"

"बरं. हे बघा." मी कोंडाचं पाणी बादलीत भरलं आणि एक कोयती आत सोडली. मंत्र नाही की काही नाही. लोक माना उंचावून बघू लागले. वेळ लागला. बुवा म्हणाले, "आई पापिणीचं लोखंड..." आणि तेवढ्यात मी कोयती वर काढली. लाल.

"आईनं क्षमा केली!" बुवा तडकाफडकी म्हणाले. माणूस हुशार, हे मानायलाच हवं.

"थांबा बुवा." मी बादलीत चुना ओतला आणि काठीनं ढवळलं. पाणी फुटल्यासारखं झालं, निळसर-हिरवा साका धरून खाली बसू लागला. मी दुसरी कोयती घातली. आता सगळे वाकून बघत होते. किती वेळ ठेवली तरी पातं काळं ते काळंच.

"सखारामकाका, चुन्यानं देवी पळते का?"

गावकर पुढे आले. बादलीत तळाशी बसलेला साका त्यांनी काठीनं हलवून बघितला. त्यांचा चेहरा मला दिसत होता. तो साका ते वयाच्या दहाव्या वर्षापासून पिंपात बघत आले होते.

"ही सगळी नास्तिकांची जादू हाय!" बुवा ओरडले.

"जादू तुमची. माझा कोयता काळा का राहिला ते सांगते. काका, ही लाल झालेली कोयती पुन्हा घासा, समईतलं तेल अर्ध्या पात्याला चोळा आणि कोंडात धरा."

गावकरांनी स्वतःच्या हातानं तसं केलं. बुवा पुढे धावले, पण लोकांना आता बघायचं होतं. कोयती वर आली, अर्धं पातं लाल, अर्धं काळं. मधे बोटानं ओढलेली रेघ.

"म्हंजे अर्धी पापी नि अर्धी पुण्यवान?" मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं खुदकन हसले.

तो हसण्याचा आवाज बुवांना झोंबला. एरवी ते काहीतरी बोलून निसटले असते, पण राग माणसाला नडतो. "तेलकट पत्र्यावर मुलामा बसत नाय हे मला नका शिकवू!" ते गरजले. "मुलाम्याच्या कारखान्यात उमर घालवलीय मी!"

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांच्याच आलं.

मी तीर्थाचं भांडं भरून त्यांच्यापुढं धरलं. "घ्या बुवा. आधी तुम्ही."

"माजा उपास हाय."

"पाण्याचा पण?"

त्यांनी भांड्याला हात लावला नाही. इतक्या महिन्यांत त्यांना कोंडाचं पाणी पिताना कुणी पाहिलंच नव्हतं, हे आता एकेकाला आठवायला लागलं. गावकर वळले. त्यांची नजर पुढच्या रांगेतल्या पोरींच्या तळहातांवर गेली.

"लाल कोयतीचा औषध मी झाडाला घालत नाय," ते हळू आवाजात म्हणाले. "झाडाला सोसत नाय ता. आनि ह्या पोरी..."

राहीनं सासूकडे बघितलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. तिनं तळहात उलटा केला. गोळा कातळावर पडला. मग ती काठावर गुडघे टेकून ओकू लागली आणि यमुनाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

बुवा त्याच दिवशी दुपारच्या लाँचनं गेले. त्यांना कुणी मारलं नाही, कुणी निरोपही दिला नाही. राहीला मी आठवड्यात हर्ण्याला माहेरी पाठवायला लावलं, तिथल्या विहिरीच्या पाण्यावर.

तुम्हाला वाटेल, गावानं मला डोक्यावर घेतलं असेल. छे! बुवा होते तोवर गोमण्याला देवी होती, जत्रा होती, धक्क्यावर लाँच थांबायची. मी काय दिलं? विषाचा कोंड. बातमी दाभोळला पोचली तसं बाजारात गोमण्याच्या तिसऱ्या कुणी घेईना. खाडीवर जगणाऱ्या बायकांच्या पाट्या भरल्याच्या भरल्या परत यायला लागल्या. कारखान्यातल्या पोरांना नोकरीची धास्ती. माझ्या घरावरून जाताना लोक आता पापीण म्हणत नव्हते, पण थांबतही नव्हते. गावकर समोर आले की वाट बदलायचे. खरं बोलल्यावर माणूस किती एकटा पडतो, ते मी त्या पावसाळ्यात रोज पाहिलं. राहीसुद्धा नव्हती. रात्रंदिवस कौलांवर पाणी वाजायचं आणि मी माझ्याशीच मोठ्यानं बोलायची.

पावसानं पऱ्या धो धो वाहिला. भाद्रपदात पोरांनी कोंडात कोयते बुडवून बघितले. काळेच. "बघा, पानी साफ झाला!" झालं, बायका पुन्हा पऱ्याच्या तोंडाशी तिसऱ्या काढायला बसल्या. मी जाऊन सांगितलं, पाणी वाहून जातं बायांनो, गाळ बसून राहतो. तांबं, शिसं, जे काही आहे ते त्या चिखलात बसलंय, आणि तिसरी त्या चिखलातच जगते. त्या ऐकून घ्यायच्या आणि हात पुन्हा चिखलात घालायच्या. बाजार नव्हता, तर घरी तरी खायलाच हवं होतं ना.

आश्विन लागला आणि एक दिवस दुपारी यमुनाबाई आल्या. राही गेल्यापासून पहिल्यांदाच. उंबऱ्यावर बसल्या.

"हर्न्याहून सांगावा आला. पोर्गी झाली. लहान हाय, पन रडली चांगली."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. आत जाऊन चहा टाकला. त्यांनी घेतला. कप खाली ठेवला.

"बाय, एक विचारू? आदीची दोन गेली, तवा बुवा नव्हता. गाळ नव्हता. पन तिसऱ्या रोज खात व्हती ती, मीच शिजवून घालायची, गरोदर हाय म्हनून दोन घास जास्त. ती दोन... त्यानंच गेली का गो?"

काय सांगणार होते मी? असेल म्हटलं असतं तर ही बाई जन्मभर स्वतःला जाळत बसली असती. नसेल म्हटलं असतं तर ती सुखानं घरी गेली असती आणि उद्या नातीलाही तेच भरवलं असतं. धोंडूबुवांना हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी उत्तर द्यायला क्षणही घेतला नसता.

"मला ठाऊक नाही काकी," मी म्हटलं. "खरंच ठाऊक नाही. गर्भ जायला पुष्कळ कारणं असतात. या गाळात काय आहे ते कुणी मोजलेलंच नाही. मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

मला वाटलं, आता त्या उठून जातील.

"मोजनार कोन?"

"रत्नागिरीला कॉलेजात एक प्रोफेसर तपासायला तयार आहेत. वेगवेगळ्या जागचा गाळ न्यायला हवा. मी उद्या काढणार आहे."

"उद्या क्याला? आत्ता भरती नाय."

आम्ही दोघी कोंडावर गेलो. दवाखान्यातल्या उकळून घेतलेल्या बाटल्या माझ्या पिशवीत होत्या. मी कुठून सुरुवात करावी ते बघत होते, तोवर यमुनाबाईंनी लुगडं खोचलं आणि त्या पाण्यात उतरल्या. एका दगडाच्या कडेला वाकून त्यांनी हात खांद्यापर्यंत आत घातला.

"हितला घे पयला," त्या म्हणाल्या. "हितलाच मी तिला भरवीत व्हते."

त्यांनी काळा गाळ मुठीनं वर काढला. मी बाटली धरली.

वाचकहो, तुमच्या गावात कोंडजाई नसेल, पण नदी असेलच, आणि नदीच्या वर काहीतरी असेलच. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून गप्प बसू नका आणि कुणी हात जोडायला सांगितले म्हणून जोडू नका. घरात जी अक्कल वापरता तीच घेऊन काठावर जा. विचारा, तपासा, मोजा. जो लगेच उत्तर देतो त्याच्यापासून चार हात लांब राहा, आणि जो मला ठाऊक नाही असं म्हणतो त्याला एकट्याला सोडून जाऊ नका. त्याच्याबरोबर पाण्यात उतरा. त्या दुपारी आम्ही सगळ्या बाटल्या भरल्या, झाकणं घट्ट लावली आणि दोघी मिळून पिशवी वर आणली.